ऐकून नामंजूर

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. संगीता आडेच्या घरात कोणाला टी.बी. झालेला नव्हता. सासरी नाही, माहेरी नाही, शेजारपाजारीसुद्धा नाही. हे आधी सांगायचं कारण एवढंच, की पुढं जो उठतो तो तिला हेच विचारतो, आणि हे विचारलं की तिचं टाळकं सणकतं.

संगीता म्हणजे उमरखेडकडच्या एका तांड्यातली बंजाऱ्यांची सून. वय छत्तीस. पुसदच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, गणितात पहिल्या वर्गात. पुढं शिकायचं मनात होतं, पण लग्न झालं आणि ते राहून गेलं. नवरा लखन मालाचा टेम्पो चालवतो. संगीता तालुक्याच्या गावी सहकारी जिनिंग सोसायटीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. नऊ वर्षं झाली, आणि नऊही वर्षं तात्पुरती. दरवर्षी नवा हुकूम निघतो आणि दरवर्षी खाली तेच वाक्य असतं, की या नेमणुकीवरून कायम होण्याचा कोणताही हक्क प्राप्त होणार नाही. ते वाक्य तिला पाठ झालं होतं.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात आणि रुईच्या गाठी बांधतात. दिवाळीपासून मार्चपर्यंत तिथं पाय ठेवायला जागा नसते. गाड्यांची रांग फाटकाबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत, वजनकाट्यावर रोजची भांडणं, आणि हवेत इतकी रुई उडते की माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. एप्रिल लागला की सगळं चिडीचूप. सोसायटीत कॉम्प्युटर आहेत नऊ. दोनांवर उन्हाळ्या-पावसाळ्यात थोडंफार काम असतं. उरलेले सात ऑक्टोबरपर्यंत कापडाखाली. दसऱ्याला कापड काढायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दिवाळीपर्यंत पुन्हा झाकून ठेवायचं.

ते झाकलेले सात कॉम्प्युटर संगीताच्या डोळ्यांत सलत होते.

त्याला कारण होतं. घरी तिच्याकडे एक जुना लॅपटॉप होता आणि त्यावर दोन वर्षांपासून ती एक काम चालवत होती. टी.बी.च्या जंतूवर नवं औषध शोधणाऱ्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचं गणित इतकं अवाढव्य असतं, की एका जागी ते सुटता सुटत नाही. म्हणून ते लोक त्याचे बारके बारके तुकडे करतात. मग जगभरातली हौशी माणसं आपापल्या रिकाम्या कॉम्प्युटरवर एकेक तुकडा सोडवून परत पाठवतात. पैसा नाही, बक्षीस नाही. आपण काम करत असलो की तो प्रोग्राम गप बसतो, आपण उठलो की सुरू होतो. एकच तुकडा दोन वेगवेगळ्या ठिकाणी देतात आणि दोन्हीकडून उत्तर सारखं आलं तरच धरतात. संगीताला हे फार आवडायचं. बाई कोण, गाव कोणतं, जात कोणती, कोणी विचारत नाही. उत्तर जुळलं का, बस.

तर एप्रिलमध्ये तिनं सोसायटीला अर्ज केला. अर्ज कसा, तर एकदम स्वच्छ. हंगाम नसताना रिकाम्या असलेल्या सात संगणकांवर टी.बी. संशोधनाचे गणित चालवण्यास परवानगी मिळणेबाबत. एप्रिल ते ऑक्टोबर, दिवसाच, दहा ते पाच, ऑफिसात माणसं हजर असतानाच. वीज किती जाईल त्याचा अंदाज लिहिला होता, आणि त्याहून जास्त गेली तर माझ्या पगारातून कापावी, असंही लिहिलं होतं.

मॅनेजर सदाशिवराव. माणूस वाईट नव्हे, भित्रा. साठीला टेकलेले, तोंडात कायम सुपारी, आणि सही करायची म्हटली की पेन सापडत नाही. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"आडेबाई, हे विचारलंच काहून तुम्ही?"

"म्हणजे?"

"अवो, करून टाकाचं होतं! मले काय समजते त्यातलं? कापडाखाली काय चालू आहे, कोण पाह्यते? आता हे कागदावर आलं. कागदावर आलं म्हणजे उत्तर द्या लागते. अध्यक्षाले सांगा लागते. उद्या काही झालं तर सही माही." त्यांनी अर्ज टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "घेऊन जा हे. अन् चालू करा तुमचं चुपचाप. म्या काही पाह्यलं नाही."

दुसरी कोणी असती तर हसत हसत उठली असती आणि दहा मिनिटांत सातही मशीन चालू केली असती. संगीताचे कान तापले.

"चुपचाप नाही साहेब. आवक करा. नंबर टाका."

आता हे 'चुपचाप' तिला एवढं का झोंबलं? तिचा आजा धावजी. त्याच्या काळात भोवतालच्या गावांत कोणाचा बैल सुटला, कोणाच्या खळ्यावरून ज्वारीचं पोतं गेलं, की शिपाई पहिले तांड्यावर. बैल संध्याकाळी आपल्या पायानं घरी यायचा, पण तोवर तांड्यातली चार माणसं दिवसभर चावडीवर उकिडवी बसवलेली असायची. धावजी घरात सगळ्यांना एकच सांगायचा, की दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा तर चारचौघांत विचारून लावायचा, नाहीतर लावायचाच नाही. म्हाताऱ्याच्या गोष्टी म्हणून तिनं ते सोडूनही दिलं असतं. पण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सोसायटीतला एक पेनड्राइव्ह सापडेना. ऑफिसात माणसं सहा, आणि पिशवी तपासली ती एकट्या संगीताची. डबा उघडायला लावला. पोळ्या वर उचलून खाली पाहिलं. तिसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह सदाशिवरावांच्याच ड्रॉवरमध्ये निघाला. चूक झाली, एवढे दोन शब्दही कोणाच्या तोंडून निघाले नाहीत. तीही बोलली नाही, नोकरी नवी होती. पण त्या दिवसापासून तिनं ठरवलं, की ह्या इमारतीत जे करायचं ते उजेडात करायचं आणि विचारून करायचं. होवो न होवो.

आवक नंबर पडला. उत्तर काही आलं नाही. मे महिन्यात तिनं स्मरणपत्र दिलं, जूनमध्ये दुसरं, जुलैमध्ये तिसरं. उत्तराच्या जागी थट्टा सुरू झाली. ऑफिसात तिला 'अमेरिकावाली' म्हणू लागले. वजनकाट्यावरचा कारकून रोज सकाळी विचारायचा, "काय आडेबाई, सापडलं का औषध?" आणि मग तो दुसरा प्रश्न, आवाज खाली आणून, तोंडावर सुतकी भाव आणून: "घरी कोणाले आहे काय?"

विमलताईनंसुद्धा विचारलं. विमलताई म्हणजे ऑफिसची झाडलोट करणारी, पाणी देणारी बाई, आणि संगीताची त्या इमारतीतली एकुलती एक मैत्रीण.

"नाही ना, विमलताई! कोणाले नाही!" संगीता उसळली. "माह्या घरचं कोणी मेलं तरच मी काही करावं, असा काही कायदा आहे काय?"

"तसं नाही वं माय. पण माणूस बिनकारणानं एवढी झकमारी करते काय? तीन तीन अर्ज!"

"मले गणित येते. मशीन रिकामे पडून आहेत. तिकडं गणित अडून बसलं आहे. अजून कोणतं कारण पायजे?"

विमलताईला ते पटलं की नाही कोण जाणे. पण जुलैच्या एका शनिवारी ती संगीताच्या मदतीला आली. सदाशिवरावांनी एकदा तोंडी कारण सांगितलं होतं की मशीनच्या पोटात रुई बसते, मशीन तापलं की ती पेटेल. बरोबर होतं ते. जिनिंगमध्ये आगीची भीती ही काही गंमत नाही. मग संगीतानं सफाईची परवानगी लेखी मागितली (ती मात्र लगेच मिळाली, फुकटात सफाई कोणाला नको?) आणि दोघींनी नऊही कॅबिनेट उघडून, ब्लोअर मारून, ब्रशनं झाडून लख्ख केली. इतकी रुई निघाली की विमलताईनं ती पिशवीत भरून घरी नेली आणि नातवासाठी उशी शिवली.

तरी उत्तर नाहीच.

ऑगस्टच्या शेवटी सदाशिवरावांनी तिला आत बोलावलं, दार लोटून घेतलं. समोर वार्षिक सभेची विषयपत्रिका. त्यांनी विषय नऊवर बोट ठेवलं. तीन तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना कायम करणे. तीन नावं होती, आणि तिसरं होतं श्रीमती संगीता लखन आडे.

संगीतानं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. नऊ वर्षं! भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा, आणि दर एप्रिलला 'हुकूम निघाला का हो' म्हणून मॅनेजरच्या दारात उभं राहणं बंद.

"भाऊसाहेबाचं म्हणणं आहे," सदाशिवराव म्हणाले. भाऊसाहेब म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. "ते म्हणतात, बाई कामाची आहे, घेऊन टाकू. पण ते टी.बी.चं तेवढं मागं घ्याले सांगा. एका ओळीचा कागद द्या, माझा अर्ज मी मागे घेत आहे. बस. आपण कायले उगाच."

"अन् नाही घेतला मागं तर?"

"बाई, तुम्ही शहाण्या आहात," सदाशिवराव म्हणाले आणि सुपारी शोधायला लागले.

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं, चांगलं कडाक्याचं. लखन म्हणाला, "अवो, पहिले कायम हो. कागदावर सही होऊ दे. मग पाह्य तुह्या शास्त्रज्ञाचं. ते काय पळून चालले आहेत?" त्याचंही चूक नव्हतं. टेम्पोचं काम आज आहे, उद्या नाही, आणि घरात एक तरी पगार पक्का असावा असं त्याला वाटलं तर त्यात वावगं काय? संगीता म्हणाली, तसं केलं तर मी काहीतरी उलटंसुलटं मागत होती असं होईल, सौदा करून गप बसली असं होईल. लखन म्हणाला, होऊ दे. ती म्हणाली, नाही होऊ देणार. मग आवाज चढले.

सासू धनीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला ह्या कॉम्प्युटरच्या प्रकरणातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तांड्याचा कारभार तिला माहीत होता. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, ऐकत नसला, की माणूस नसाबात उभा राहतो. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, सगळ्यांसमोर बसणारी. धनीबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि दोघांकडं न बघताच विचारलं, "तुमच्या त्या सोसायटीत नसाब नाही बसत काय?"

संगीतानं भांडण सोडून सासूकडं पाहिलं. बसते की! वर्षातून एकदा बसते. आणि तिच्या नावावर दोन एकर कापूस आहे, एक शेअर आहे. ती नोकर आहे तशी सभासदही आहे. विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी दरवर्षी एक ओळ असते, जिच्याकडं कोणी ढुंकून बघत नाही: माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सभा झाली. ज्या शेडमध्ये हंगामात कापसाचे ढीग पडतात तिथंच खुर्च्या मांडल्या होत्या. सव्वाशेदीडशे सभासद. शेडच्या मागं मसालेभात आणि बुंदीच्या कढया, आणि वारा नेमका तिकडूनच. सोसायटीची सभा ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला पाहिजे, की तिथं विषय कोणी ऐकत नाही. सदाशिवराव एका सुरात वाचतात, अध्यक्ष मान हलवतात आणि खुर्च्यांवरून एकच गलका उठतो, "मंजूर! मंजूर!" मागच्या वर्षीचा अहवाल मंजूर, ह्या वर्षीचा मंजूर, लेखापरीक्षक मंजूर. अकरा वाजता सुरू झालेली सभा बारालाच विषय आठवर आली होती.

अर्ज मागं घेतल्याचा कागद संगीतानं दिलाच नव्हता, म्हणून इथं भाऊसाहेबांनी डाव टाकला. "विषय नऊ थोडा थांबवू," ते माईकवर म्हणाले. "दहा, म्हणजे ऐनवेळचे विषय, आधी घेऊ. नऊ शेवटी." आणि त्यांनी सरळ संगीताकडं पाहिलं. अर्थ लहान लेकरालाही कळला असता. आता गप बसलीस तर पाच मिनिटांनी तू कायम.

विमलताई पाण्याचा जग घेऊन शेजारीच उभी होती. तिनं संगीताच्या पदराचं टोक हळूच दाबून धरलं. संगीता पदर सोडवून उठली.

"अध्यक्षसाहेब, माझा एक विषय आहे."

"कर्मचाऱ्यांचे विषय सभेत येत नसतात, बाई."

"मी कर्मचारी म्हणून नाही उभी. सभासद म्हणून उभी आहे. वहीत माझं नाव पाहून घ्या. एप्रिलपासून माझा अर्ज पडून आहे. रिकाम्या कॉम्प्युटरवर..."

तिचं वाक्य पुरं झालंच नाही. बुंदीचा वास, बाराचं ऊन आणि दर सभेची सवय. मागच्या खुर्च्यांवरून गलका उठला, "मंजूर! मंजूर! मंजूर!"

भाऊसाहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं. सदाशिवरावांचा हात तर सवयीनं वहीवर चालूही झाला होता. दीडशे माणसांनी मंजूर म्हटलं, संपलं! विमलताईच्या तोंडावर हसू फुटलं. संगीतानं आता फक्त खाली बसायचं होतं.

ती बसली नाही.

"थांबा!" ती ओरडली. "मंजूर काय मंजूर? ऐकलं काय तुम्ही? मी काय मागितलं ते कोणी सांगा मले."

कोणाला काय सांगता येणार? एकानं दुसऱ्याकडं पाहिलं.

"साहेब, लिहिलेलं खोडा," ती सदाशिवरावांना म्हणाली. "न ऐकता मंजूर नको मले. उद्या कोणी म्हणन, आडेबाईनं जेवणाच्या घाईत पास करून घेतलं. आधी ऐका. मग हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण ऐकून म्हणा."

"घ्या आता!" विमलताईनं कपाळावर हात मारला. "तोंडातला घास काढून फेकला ह्या बाईनं!"

मग संगीता बोलली. पाच-सात मिनिटं बोलली असेल. शास्त्राचे शब्द तिनं वापरलेच नाहीत. ती म्हणाली, "दहा एकराचा कापूस एकट्या बाईनं वेचून होते काय? आपण ओळी वाटून देतो. एकेक जण आपली ओळ वेचते, ओटी भरली की बांधावर आणून टाकते. हे तसंच आहे. टी.बी.चं वावर लय मोठं आहे. दुनियेतल्या लोकांनी ओळी वाटून घेतल्या. आपले सात मशीन सहा महिने कापड पांघरून झोपून आहेत. मी म्हणून राह्यली, त्यायलेही एकेक ओळ घेऊ द्या."

मागं बसलेल्या बायांनी माना हलवल्या. त्यांना ते पटकन कळलं. मग प्रश्न सुरू झाले.

"लाइट आपली अन् काम अमेरिकेचं?"

"तुमच्या रुईचा सदरा कोणाच्या अंगावर जाते, कधी विचारलं काय?" लोक हसले.

"घरी कोणाले टी.बी. आहे काय, बाई?"

"नाही!" हे इतक्या जोरात आलं की माईक नसताना शेडच्या टोकापर्यंत गेलं. "कोणाले नाही. अन् नसला तरी मले करायचं आहे."

रामधन नावाचे एक म्हातारे सभासद हळूहळू उठले. "मले एक सांग पोरी. औषध निंगालं तर आपल्या लोकायले फुकट भेटन?"

इथं जरा गोलमाल बोलली असती तर दहा-वीस हात आणखी मिळाले असते. तिला ते कळतही होतं. "ते माह्या हातात नाही, रामधनकाका. निंगन की नाही, हेही मले माहीत नाही. कोणालेच माहीत नाही. खोटं कायले सांगू?"

रामधन खाली बसले. त्यांच्या आजूबाजूला कुजबुज झाली. भाऊसाहेबांनी माईक ओढला. इतका वेळ ते वाटच पाहत होते. बाईंची भावना चांगली आहे, ते म्हणाले, पण उन्हाळ्यात जिनिंगच्या आवारात सात मशीन दिवसभर तापत ठेवायची? पंचेचाळीस डिग्रीत? एक ठिणगी पडली तर शेड राहील का? हे ऐकून समोरच्या रांगेतली माणसं सावरून बसली. आग म्हटली की कापसाचा माणूस विचार करतो. संगीतानं सफाईचं सांगितलं, दहा ते पाचचं सांगितलं. पण भीती एकदा शेडमध्ये शिरली होती.

हात वर झाले. सदाशिवरावांनी दोनदा मोजले. बाजूनं सत्तावन्न, विरोधात एकोणसत्तर.

"नामंजूर," भाऊसाहेब म्हणाले.

"कारण लिहा," संगीता उभीच होती.

"काय?"

"नामंजूर तर नामंजूर. पण ऐकून नामंजूर केलं असं लिहा. अन् कारण लिहा. मले ठरावाची नक्कल पायजे."

"लिहा हो," भाऊसाहेब वैतागून सदाशिवरावांना म्हणाले. "उन्हाळ्यात आगीचा धोका. लिहा अन् मिटवा एकदाचं." आणि लगेच विषय नऊ घेतला. त्यांनी नावं वाचली, ती दोनच. तिसऱ्या नावाचा प्रस्ताव पुढील सभेत ठेवण्यात येईल, असं म्हणून त्यांनी कागद खाली ठेवला. खुर्च्यांवरून गलका उठला, "मंजूर! मंजूर!" आणि ज्या सत्तावन्न जणांनी आत्ताच तिच्यासाठी हात वर केले होते, त्यांतल्याही बऱ्याच जणांचा आवाज त्यात होता. काय वाचलं ते त्यांनी ऐकलंच नव्हतं.

संगीता जेवायला थांबली नाही. वजनकाट्याच्या मागं सिमेंटचा ओटा आहे, तिथं जाऊन बसली आणि रडली. का नाही रडणार? नऊ वर्षं हातातून गेली होती, आणि तीही तिनं आपल्या हातानं घालवली होती, असं सगळे म्हणणार होते. विमलताई येऊन शेजारी बसली. पाण्याचा गिलास पुढं केला.

घरी लखन दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला तो असा, "मंजूर झालतं ना? सगळ्यायनं मंजूर म्हटलं होतं ना? गावभर सांगून राह्यले लोक. मग तुले कोणत्या भुतानं झपाटलं?"

"ते मंजूर माह्यासाठी नव्हतं. बुंदीसाठी होतं."

"मग बुंदीचं तर बुंदीचं! घ्यायचं होतं!"

"नाही घेतलं," संगीता म्हणाली. "अन् पुन्हा तसंच झालं तर पुन्हाही नाही घेणार. मले वाईट वाटून राह्यलं, लय वाईट वाटून राह्यलं. पण चुकलं असं नाही वाटत." लखननं टेम्पोची किल्ली उचलली आणि बाहेर गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा हातात तिच्या आवडीच्या बालुशाहीचा पुडा होता. माफीबिफीचं नाव त्यानं काढलं नाही, तिनंही नाही.

ठरावाची नक्कल मिळायला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी संगीता ती नक्कल आणि एक नवा कागद घेऊन मॅनेजरच्या टेबलापुढं उभी राहिली. नकलेवर लिहिलं होतं: सभासद श्रीमती संगीता लखन आडे यांनी मांडलेला विषय सभेने सविस्तर ऐकला व उन्हाळ्यातील आगीच्या धोक्याचे कारणास्तव बहुमताने नामंजूर केला. नऊ वर्षांत सोसायटीनं तिच्याबद्दल लिहिलेले कागद तिनं ढिगानं पाहिले होते. तिचं ऐकलं, असं लिहिलेला हा पहिला. तिनं तो चार वेळा वाचला होता आणि झेरॉक्सही काढून ठेवली होती.

सदाशिवरावांनी नवा कागद हातात घेतला. चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागले.

"उपरोक्त ठरावात उन्हाळ्यातील आगीचा धोका हे एकच कारण नमूद आहे. पावसाळ्याबाबत सभेने कोणतीही हरकत नोंदवलेली नाही. सबब, पुढील सभेच्या मंजुरीने, दरवर्षी जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या चार महिन्यांत, शेडमध्ये कापूस नसताना, सात संगणकांवर..." ते थांबले. कागद खाली ठेवला. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "आडेबाई, ऐका माझं. पुढच्या सभेत तुम्हाले कायम कराचा विषय पुन्हा येणार आहे. मी भाऊसाहेबाले चांगलं ओळखतो. हे दोन्ही विषय एकाच दिवशी समोर आले, तर ते पुन्हा तसंच करतील."

"येऊ द्या साहेब," संगीता म्हणाली. "दोन्ही येऊ द्या."